‘मारणे’ला इंग्रजीत काय म्हणायचं? हिट, स्ट्राइक, बीट आणि बाकीची मंडळी

मराठीत आपण हाक मारतो, उडी मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, शाळेला दांडी मारतो, भिंतीला रंग मारतो, आणि काहीच काम नसलं की माशा मारतो. यातल्या एकाही ठिकाणी कुणाला इजा होत नाही, माशांनासुद्धा नाही. इतकं सोशिक क्रियापद पाठीशी असल्यामुळे इंग्रजी बोलताना आपण त्याच्यासारखंच एखादं सर्वगुणसंपन्न क्रियापद शोधतो. बहुतेकांच्या तोंडी पहिल्यांदा ‘बीट’ येतं, कारण शाळेत मास्तरांनी ‘बीट म्हणजे मारणे’ असंच लिहून दिलेलं असतं.

माझ्या शिकवणीला ऑनलाइन येणाऱ्या एका आईची गोष्ट. मुलगा परदेशातल्या शाळेत. त्याच्या बाईंशी बोलताना तिला एवढंच सांगायचं होतं, की फार मस्ती केली तेव्हा मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. ती म्हणाली, ‘आय बीट हिम.’ बाईंचा चेहरा पडला. पुढचा अर्धा तास ती माउली खुलासे करत बसली. चूक व्याकरणाची नव्हतीच. ‘बीट’ म्हणजे एकामागून एक, झोडपून काढणं. तिने घातला होता एक धपाटा.

गोम कुठे आहे? मराठीत मारण्याची सगळी माहिती नामात असते: चापट, गुद्दा, लाथ, टपली, धपाटा, रट्टा, टिचकी. क्रियापद मागे नुसतं हमाली करतं; मारणे, घालणे, देणे, लगावणे, काहीही चालतं. इंग्रजीत ही माहिती क्रियापदाच्याच पोटात भरलेली असते. हाताने की पायाने, एकदा की अनेकदा, मुद्दाम की चुकून, जोरात की हलकेच, हे सगळं क्रियापद निवडतानाच ठरतं. म्हणून ‘मारणे’ला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो. काय मारलं, कशाने मारलं आणि किती मारलं, हे आधी ठरवायचं.

इंग्रजी शब्द आणि वाक्यं इथे देवनागरीतच लिहिली आहेत. मोठ्याने वाचा. अवतरणातल्या इंग्रजी वाक्यात ‘ही’ आला तर तो ‘तो’ असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

पायरी १: हे मारणं खरं आहे का?

सुरुवातीलाच गाळणी लावा. हाक मारणे म्हणजे कॉल, उडी मारणे म्हणजे जंप, मिठी मारणे म्हणजे हग, शिट्टी मारणे म्हणजे व्हिसल, झाडू मारणे म्हणजे स्वीप, रंग मारणे म्हणजे पेंट, डोळा मारणे म्हणजे विंक. इथे हिट आणि बीटचं काही काम नाही. ब्रेक मारणे हा एक सुखद अपवाद आहे. ‘शी हिट द ब्रेक्स’ हे अस्सल इंग्रजी आहे आणि त्यात आपल्यासारखीच घाई आहे.

मग दुसरी गाळणी: ठार मारलं की नुसतं मारलं? मराठीत बऱ्याचदा एका ‘ला’वरून हे कळतं. ‘त्याने उंदीर मारला’ म्हटलं की उंदीर संपला. ‘त्याने उंदराला काठीने मारलं’ म्हटलं तर उंदीर अजून कपाटामागे जिवंत असू शकतो. इंग्रजीत अशी प्रत्ययाची कसरत नाही, तिथे दोन वेगळी क्रियापदंच आहेत. पहिल्याला ‘किल्ड’, दुसऱ्याला ‘हिट’. ‘आय हिट द रॅट’ म्हणालात तर ऐकणारा विचारेल, मग मेला का?

पायरी २: मारलं की लागलं?

ही पायरी वाचताना घाई करू नका, दवाखान्यात हिचाच उपयोग होतो.

तुम्ही जिन्यावरून घसरलात, इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरकडे गेलात आणि त्याने विचारलं, ‘डिड यू हिट युअर हेड?’ नवख्या माणसाला वाटतं, हा विचारतोय की तुम्ही स्वतःच्या डोक्यात मारून घेतलंत का? तो ठामपणे ‘नो, नो’ म्हणतो, आणि डॉक्टरला वाटतं डोक्याला मार नाही. डॉक्टरला विचारायचं होतं: डोक्याला लागलं का?

मराठीत चुकून झालेल्या गोष्टीत माणूस कर्ता नसतोच. मला लागलं, माझं डोकं आपटलं, पायाला ठेच लागली, कोपराला मार बसला. घडणारी गोष्ट घडते, आपण फक्त ‘मला’ होऊन बाजूला उभे असतो. इंग्रजीत मात्र चुकून झालं तरी माणसालाच पुढे करतात. ‘आय हिट माय हेड ऑन द शेल्फ’ म्हणजे माझं डोकं फळीला आपटलं. ‘आय बँग्ड माय नी’ म्हणजे गुडघा आपटला. ‘आय स्टब्ड माय टो’ म्हणजे ठेच लागली. या एका दुखण्यासाठी इंग्रजीने वेगळं क्रियापद राखून ठेवलं आहे, आणि आपण एक वेगळं नाम.

म्हणून ‘हिट’ या शब्दात हेतू गृहीत धरायचा नाही. चेंडू खिडकीला लागला तरी हिट, दगड नेमका आंब्याला लागला तरी हिट, गाडी खांबाला घासली तरी हिट. मुद्दाम केलं हे ठासून सांगायचं असेल तर ‘ऑन पर्पज’ किंवा ‘डेलिबरेटली’ जोडा. उलट ‘स्लॅप’, ‘पंच’ किंवा ‘बीट’ म्हटलं की हेतू आलाच. चुकून कुणाला थोबाडीत बसत नाही.

पायरी ३: तीन थोरले भाऊ

हिट, स्ट्राइक आणि बीट. आधी त्यांची रूपं पाठ करा, कारण तिघेही नियमाबाहेरचे आहेत. हिट तिन्ही काळांत हिटच राहतो; ‘हिटेड’ असा शब्द नाही. स्ट्राइकचा भूतकाळ स्ट्रक. बीटचा भूतकाळ बीटच, पण ‘हॅव’ किंवा ‘वॉज’बरोबर बीटन. लिहिताना ‘हिटिंग’मध्ये टी दोनदा येतो, ‘बीटिंग’मध्ये एकदाच. आणि बीट दीर्घ म्हणा. र्‍हस्व झालं तर ते चावल्याचं ‘बिट’ होतं, आणि ‘द डॉग बिट मी’ ही पूर्ण वेगळी तक्रार आहे.

हिट हा रोजच्या वापरातला, साधा, कुठेही खपणारा. संशय आला तर हिट वापरा, फार चुकणार नाही. त्यात एकदाच लागल्याचा भाव असतो.

बीटमध्ये वारंवारता आहे. अंडी फेटणे बीट, ढोल बडवणे बीट, गालिच्यातली धूळ झटकायला त्याला बदडणे बीट, हृदयाचे ठोके पडणे बीट. तेच सातत्य माणसावर आलं की बेदम मारहाण. ‘बीट अप’ म्हटलं तर आणखी गंभीर: पोलिसांत जाण्याजोगी मारहाण. म्हणून धपाटेवाल्या आईने ‘बीट’ म्हणणं इतकं महागात पडलं. तिने ‘आय गेव्ह हिम अ स्मॅक’ म्हटलं असतं, तर बाईंना निदान नेमकं काय झालं ते कळलं असतं. तरीही परदेशात मुलं वाढवणाऱ्यांनी हे लक्षात असू द्यावं, की स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबर २०२० पासून आणि वेल्समध्ये मार्च २०२२ पासून पालकांनी मुलाला मारणंही कायद्याने बंद आहे. तिथे शब्द बदलून सुटका नाही. आपल्याकडे शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी घातली आहे.

स्ट्राइक हा तिघांतला भारदस्त. बोलण्यात कमी, लिहिण्यात जास्त. तुम्ही घरी ‘माय ब्रदर स्ट्रक मी’ म्हणालात तर कोर्टात साक्ष देताय असं वाटेल. पण काही गोष्टी त्याच्याच मालकीच्या आहेत. वीज पडते ती स्ट्राइक, काडी ओढतात ती स्ट्राइक, घड्याळाचे टोले पडतात ते स्ट्राइक. अचानक येणारी आपत्तीही बहुधा स्ट्राइकच करते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्याची इंग्रजी बातमी ‘ॲन अर्थक्वेक स्ट्रक’ अशीच असते. याच शब्दाचं जुनं रूप ‘स्ट्रिकन’ विशेषणांत शिल्लक राहिलं आहे. आपल्या दुष्काळग्रस्तातला ‘ग्रस्त’ म्हणजे इंग्रजी ‘ड्राउट-स्ट्रिकन’ मधला ‘स्ट्रिकन’. वर्तमानपत्रं जागा वाचवायला ‘ड्राउट-हिट’ही लिहितात.

आणि संपाला स्ट्राइक का म्हणतात? १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी जहाजांची शिडं खाली उतरवली. शिड उतरवणे याला जहाजी भाषेत स्ट्राइक म्हणत. शिडं उतरली, जहाजं थांबली आणि काम बंद करण्याला तोच शब्द चिकटला. हिट आणि स्ट्राइक एकाच बातमीत बघायचे असतील तर जानेवारी २०२४ आठवा: ‘हिट अँड रन’च्या नव्या शिक्षेविरुद्ध ट्रकचालकांचा ‘स्ट्राइक’, आणि पेट्रोल पंपांवर आपल्या रांगा.

पायरी ४: कशाने मारलं?

इथे मराठी नामाला इंग्रजी क्रियापद शोधायचं.

उघडा तळहात असेल तर स्लॅप: थप्पड, चापट, मुस्काटात, कानाखाली, सगळं यातच. मूठ आवळलेली असेल तर पंच: गुद्दा, बुक्का. मूठ जड आणि पाठीवर धप्पकन आली तर थंप. लाथ किक. गुडघा मारला तर नी, कोपर मारलं तर एल्बो, डोक्याने ढुशी दिली तर हेडबट. होय, इंग्रजीत अवयवच क्रियापद होतात. हत्यारांचंही तसंच. छडी केन, चाबूक व्हिप, पट्टा बेल्ट, हातोडा हॅमर. ‘ही वॉज केन्ड ॲट स्कूल’ एवढ्या चार-पाच शब्दांत ‘शाळेत त्याला छड्या बसायच्या’ हे येऊन जातं. लहान मुलाच्या ढुंगणावर फटके मारणं यालाही स्वतंत्र क्रियापद आहे, स्पँक. ते इतर कुठल्याही अवयवाला चालत नाही.

हलक्या हाताची क्रियापदं नवखे लोक शिकतच नाहीत, आणि रोज लागतात तीच. खांद्यावर दोन बोटं टेकवून लक्ष वेधणं म्हणजे टॅप. फोनच्या पडद्यावरही टॅपच. शाबासकीची थाप म्हणजे पॅट. बाळाला थोपटून झोपवणं हेही पॅट, आणि भाकरी थापणं समजावून सांगायचं तर तिथेही पॅटच कामाला येतं. कोपरखळी म्हणजे नज, पण मराठी कोपरखळीत जो टोमणा असतो तो नजमध्ये नाही. बोट खुपसणं पोक. माशी मारायला फटका मारणं स्वॉट. टपलीला मात्र चपखल शब्द मला आजवर सापडलेला नाही. ‘अ लाइट टॅप ऑन द हेड’ म्हणावं आणि टपलीतला लाड विसरावा.

स्वयंपाकघरातला गोतावळा वेगळा. मिरच्या-लसूण ठेचणं क्रश, खलबत्त्यात मसाला कुटणं पाउंड, अंडं फेटणं बीट किंवा व्हिस्क. इडलीचं पीठ ‘बॅटर’, आणि हा शब्दसुद्धा मूळच्या फेटण्या-बडवण्यातूनच आलेला. शेतावरची मळणी म्हणजे थ्रेश, आणि बेदम चोपणे म्हणजे थ्रॅश. दोन्ही मूळचे एकच शब्द. आपण कणसंही झोडपतो आणि माणसंही, तसंच.

एक सोपी वाट सांगतो. मराठीसारखं नाम वापरायची सवय सुटत नसेल तर ‘गिव्ह’ची मदत घ्या. ‘शी गेव्ह हिम अ स्लॅप’, ‘गिव्ह द डोअर अ किक’, ‘ही गेव्ह मी अ पॅट ऑन द बॅक’. वाक्याची ठेवण आपल्या ‘चापट दिली’सारखी होते, शिवाय एकदाच दिली हेही स्पष्ट होतं. फक्त ‘गिव्ह अ बीट’ म्हणू नका. तिथे ‘अ बीटिंग’ लागतं, आणि त्याचा अर्थ चांगला चोप.

पायरी ५: कुठे मारलं?

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चुका याच पायरीवर होतात.

मराठीत म्हणतो, ‘त्याने माझ्या डोक्यात मारलं.’ मार खाणारा ‘माझ्या’मध्ये लपलेला आणि पुढे दिसतं डोकं. याचं शब्दशः इंग्रजी करून लोक म्हणतात, ‘ही हिट ऑन माय हेड.’ इंग्रजीची मांडणी उलटी आहे. आधी माणूस, मग अवयव: ‘ही हिट मी ऑन द हेड.’ आणि डोकं माझंच असूनही ‘माय’ नाही, ‘द’. माणूस आधीच सांगून झाला, आता अवयवाची मालकी पुन्हा कशाला?

‘ऑन’ की ‘इन’? डोकं, खांदा, नाक, गुडघा, हात यांना बहुधा ऑन. चेहरा, पोट, छाती, बरगड्या, डोळा यांना इन. ‘पंच्ड हिम इन द स्टमक’, ‘टॅप्ड हर ऑन द शोल्डर’. चेहऱ्यावर आडवा हात फिरला तर ‘अक्रॉस द फेस’. मराठीचा आधार इथे धोका देतो: आपण डोक्यात, पाठीत, पोटात असं सरसकट ‘त’ लावतो. चेंडू किंवा गोळी लागल्यावर ‘इन द हेड’, ‘इन द बॅक’ ऐकू येतं, पण शाबासकीची थाप नेहमी ‘ऑन द बॅक’च.

वस्तूंना ही दुहेरी मांडणी लागत नाही. ‘ही हिट द टेबल’ झालं. दारावर मात्र ‘नॉक ऑन द डोअर’ किंवा ‘नॉक ॲट द डोअर’. नुसतं ‘नॉक द डोअर’ आपल्याकडे सर्रास चालतं, प्रमाण इंग्रजीत ते बसत नाही.

चार्ल्स फिलमोर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७० साली ‘हिट’ आणि ‘ब्रेक’ (गाडीचा ब्रेक नव्हे, मोडणे) या दोनच क्रियापदांच्या व्याकरणावर अख्खा निबंध लिहिला. त्यातली गंमत अशी: ‘आय हिट हिम ऑन द लेग’ चालतं, पण ‘आय ब्रोक हिम ऑन द लेग’ चालत नाही, तिथे ‘आय ब्रोक हिज लेग’च म्हणावं लागतं. कारण ब्रेकमध्ये वस्तू बदलते, मोडते. हिटमध्ये फक्त स्पर्श होतो, पुढे काही झालं की नाही ते हिट सांगत नाही. स्लॅप, किक, टॅप ही सगळी हिटच्या घराण्यातली. मोडणे, फोडणे, तोडणे ही दुसऱ्या घराण्यातली.

आता ‘ने’चा घोटाळा. ‘त्याने काठीने मारलं’ यात दोन ‘ने’ आहेत, एक माणसाचा आणि एक काठीचा. इंग्रजीत काठीला ‘विथ’ लागतं: ‘ही हिट मी विथ अ स्टिक.’ ‘बाय अ स्टिक’ म्हटलं तर काठी आपणहून येऊन बसली असं होतं. पण ‘गाडीने उडवलं’, ‘चेंडूने लागलं’ इथे वस्तू स्वतः येऊन आदळते, म्हणून ‘ही वॉज हिट बाय अ कार’. कुणाच्या हातात होती का, एवढं विचारा. होती, तर विथ.

आणि एक छोटासा ‘ॲट’. ‘शी किक्ड द बॉल’ म्हणजे चेंडूला लाथ बसली. ‘शी किक्ड ॲट द बॉल’ म्हणजे लाथ झाडली, बसली की नाही कोण जाणे. आपण यासाठी ‘मारायला गेला’ म्हणतो. ‘तो मारायला गेला’ आणि ‘मारलं’ यात जो फरक, तोच या एका शब्दात.

पायरी ६: आवाज ऐका

फाडकन, खाडकन, धपकन, थाडकन, टणकन, सटासट. मराठी माणूस मारामारीचं वर्णन करतो तेव्हा अर्धं काम या शब्दांवर भागवतो. इंग्रजीत हे ‘कन’वाले शब्द क्रियापदातच विरघळलेले असतात. स्लॅपमध्ये फाडकन आहे, थंपमध्ये धपकन आहे, बँगमध्ये धाडकन, क्लँगमध्ये टणकन, व्हॅकमध्ये सणसणीत फटका. म्हणून ‘खाडकन थोबाडीत मारली’चं भाषांतर करताना खाडकनला वेगळा शब्द शोधत बसू नका. क्रियापद बरोबर निवडलं की आवाज आपोआप येतो. जोर वाढवायचा तर शेवटी ‘हार्ड’ लावा.

पायरी ७: रस्त्यावरची मारामारी

अपघात सांगताना नेमकेपणा लागतो, विम्याचा अर्ज भरताना तर फारच. गाडी माणसाला लागली तर ‘हिट’. माणूस खाली पडला तर ‘नॉक्ड डाउन’. आपलं ‘गाडीने उडवलं’ बहुतेक वेळा इथे बसतं. अंगावरून चाक गेलं तर ‘रन ओव्हर’, आणि हे विनाकारण लिहू नका, अर्थ भयंकर आहे. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर ‘कोलाइड’, झाडावर जाऊन आपटली तर ‘क्रॅश्ड इनटू अ ट्री’, जरासा धक्का बसला तर ‘बंप’. पण ‘आय बंप्ड इनटू अ फ्रेंड’ म्हणजे मित्र अचानक भेटला. त्याला मलम लावायची गरज नाही.

आपला लाडका शब्द ‘डॅश’. ‘त्याने मागून डॅश मारली’ हे मराठीत इतकं रुळलंय की ते इंग्रजीच वाटतं. भारताबाहेर ‘द कार डॅश्ड मी’ कुणाला कळत नाही, कारण तिथे डॅश म्हणजे मुख्यतः घाईने धावत जाणे. डॅश मराठी बोलताना खुशाल मारा, इंग्रजी अर्जात हिटच लिहा.

पायरी ८: मैदान आणि मथळे

क्रिकेट बघणाऱ्या मराठी माणसाला हे शब्द आधीच ठाऊक असतात, फक्त अर्थ सरकलेले असतात. समालोचक ‘बीटन!’ ओरडतो तेव्हा कुणी मार खाल्लेला नसतो. चेंडू बॅटला चकवून गेलेला असतो. जो फलंदाज समोर उभा तो ‘ऑन स्ट्राइक’, मारो न मारो. ‘हिट विकेट’ म्हणजे स्वयंचीत, स्वतःच्याच यष्ट्या पाडून बाद. बॅट्समनऐवजी ‘बॅटर’ हा शब्द क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांत घेतला. त्यामुळे आता इडलीचं पीठ, फलंदाज आणि बेदम मारणे हे क्रियापद, तिघांचं स्पेलिंग एक झालं. बेसबॉलमध्ये कहर आहे: बॅट फिरवली आणि चेंडू हुकला तर त्याला ‘स्ट्राइक’ म्हणतात.

जिंकण्या-हरण्यात एक चूक ठरलेली. ‘वी वॉन देम’ चुकीचं. सामना जिंकतात तो विन, समोरच्याला हरवतात ते बीट: ‘वी वॉन द मॅच’, ‘वी बीट देम’. एका बाजूने बडवून हरवलं तर ‘थ्रॅश्ड देम’, आपण जसं ‘धुतलं’ म्हणतो.

मथळ्यांत स्लॅम, ब्लास्ट, बॅश, लॅश आउट दिसले तर घाबरू नका, ते सगळे टीका करतात. आपल्याकडेही न्यायालय ‘फटकारतं’ आणि विरोधक ‘झोड उठवतात’. पावसाने झोडपलं, ते ‘रेन लॅश्ड’. वादळाने तडाखा दिला, ते ‘हिट’ किंवा ‘बॅटर्ड’. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्याच्या बातम्यांत हे दोन्ही शब्द बसतात.

दोन खड्डे

‘हिट ऑन’ हा पहिला. ‘ही हिट मी’ म्हणजे त्याने मला मारलं. ‘ही हिट ऑन मी’ म्हणजे त्याने माझ्यावर लाइन मारली. ‘माझ्यावर हात उगारला’ असं मनात धरून कुणी ‘ऑन’ घुसडला, तर गुन्ह्याचा प्रकारच बदलतो. गंमत म्हणजे लाइन ‘मारणे’ हे मराठीलाही सुचलंच.

दुसरा ‘नॉक अप’. इंग्लंडमध्ये पूर्वी पहाटे कामगारांच्या खिडक्या लांब काठीने वाजवून त्यांना उठवणारी माणसं होती, आणि तिथे दार वाजवून उठवण्याला नॉक अप म्हणत. अमेरिकन बोलीत याचा अर्थ बाईला दिवस जाणे, तोही अशिष्ट ढंगात. सकाळी कुणाला उठवायचं असेल तर ‘वेक अप’ म्हणा.

थोडा सराव

आधी स्वतः करा, मग खाली बघा.

तिने त्याच्या खाडकन मुस्काटात मारली. पंख्याला माझा हात लागला. त्याने मला मागून टपली मारली. रिक्षाने मला कट मारला. मी झुरळाला चप्पल मारली.

पहिलं: ‘शी स्लॅप्ड हिम हार्ड अक्रॉस द फेस.’

दुसरं: ‘आय हिट माय हँड ऑन द फॅन.’ पंखा चालू असेल तर पंखा येऊन लागला, म्हणून ‘द फॅन हिट माय हँड’.

तिसरं: ‘ही टॅप्ड मी ऑन द हेड फ्रॉम बिहाइंड.’

चौथ्यात मारणं नाहीच, रिक्षा लागलेलीच नाही. ब्रिटिश इंग्रजीत ‘कट मी अप’, अमेरिकेत ‘कट मी ऑफ’.

पाचव्याला तुम्हाला आधी मलाच उलट विचारावं लागेल. चप्पल हातात धरून मारली आणि बसली, तर ‘आय हिट द कॉक्रोच विथ अ स्लिपर’. हातात धरून मारायला गेलात आणि हुकली, तर ‘आय स्वॉटेड ॲट इट’. लांबून फेकून मारली, तर ‘आय थ्रू अ स्लिपर ॲट इट’. आणि झुरळ खरंच मेलं असेल, तर नुसतं ‘आय किल्ड इट’. चप्पल सांगितली नाही तरी चालेल.